स्वतःलाच सांगायचं शुभवर्तमान

मंडळीत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला शुभवर्तमान सांगायला गेलं, तर तो हसून म्हणतो, ‘ते काय, पाठच आहे.’ खोटं नसतं ते. संडे स्कूलच्या चटईवर त्यानं ते ऐकलेलं असतं. नाताळच्या नाटकात घोंगडी पांघरून मेंढपाळाचं काम केलेलं असतं, उत्तम शुक्रवारच्या लांबलचक उपासनेत सात उद्गारांवरचे सात उपदेश दरवर्षी ऐकलेले असतात. आता याच माणसाला एखाद्या मंगळवारी दुपारी विचारा, ‘देव आज तुमच्याकडे कसा पाहत असेल?’ उत्तर देण्याआधी तो मनातल्या मनात आपला आठवडा तपासू लागेल. सकाळची प्रार्थना झाली का, घरात आवाज चढला का, दशांश बाजूला काढला का, परवा रात्री मोबाइलवर जे पाहिलं त्याचं काय. या तपासणीचा जो निकाल लागेल, तेच त्याचं उत्तर. त्यात ख्रिस्ताचं नाव येईलच असं नाही.

हा लेख त्या मंगळवारसाठी आहे. रविवारची काळजी पाळकसाहेब घेतात. उरलेले सहा दिवस शुभवर्तमान आपल्याला आपणच सांगावं लागतं, आणि ते कसं सांगायचं हे आपल्याला सहसा कोणी शिकवत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. शुभवर्तमान हे बाहेरच्यांसाठी असतं, आतल्यांसाठी त्यापुढचा ‘वरच्या वर्गाचा’ अभ्यास असतो, असं आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं. पौलाला तसं वाटत नव्हतं. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय काढा. हे पत्र ज्यांना लिहिलं ते बाप्तिस्मा झालेले, प्रभुभोजनाला बसणारे, कृपादानांवरून एकमेकांशी भांडण्याइतके जुने झालेले लोक होते. तरी पौल त्यांना तीच पहिली गोष्ट पुन्हा सांगायला बसतो. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला आणि मग अमक्याअमक्यांना दिसला. तो साक्षीदारांची यादीच देतो. केफा, बाराजण, एका वेळी पाचशेंहून अधिक बंधू. त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत, हेही तो नोंदवून ठेवतो. पत्र लिहिलं गेलं तेव्हा या घटनांना वीस-पंचवीस वर्षंच झाली होती. ज्याला शंका असेल त्यानं जाऊन विचारावं, इतक्या जवळची ही हकीकत होती.

या हकीकतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहण्यासारखी आहे. सगळं करणारा ख्रिस्त आहे. आपल्या वाट्याची म्हणून जी एकच गोष्ट त्यात येते, ती म्हणजे पाप. मंगळवारच्या तपासणीत नेमकं उलट होतं. तिथं सगळं करणारे आपण असतो.

ही घसरण नवख्यांचीच होते असं नाही. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पेत्राची जी गोष्ट आहे, ती पवित्र शास्त्रातून कोणी वगळली कशी नाही याचं मला नेहमी नवल वाटतं, कारण ती प्रेषिताच्या अब्रूची आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसं आली आणि सुंता झालेल्यांच्या भीतीनं तो हळूहळू त्या पंगतीतून उठला. त्याच्यामागून बाकीचे यहूदी उठले, बर्णबासुद्धा. पौलानं त्याला सगळ्यांसमोर धरलं. पण ‘हे शिष्टाचाराला धरून नाही’ किंवा ‘एकोप्याला बाधा येते’ असं तो म्हणाला नाही. त्याचा आरोप असा की हे वागणं शुभवर्तमानाच्या सत्याला धरून नाही. पेत्राला रिकामी कबर ठाऊक होती, तो स्वतः तिथवर धावला होता. पण त्या दिवशी ताटावर बसलेला असताना ती हकीकत त्याच्या हातापायांपर्यंत पोचली नव्हती.

पंगतीतून उठणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला टीपा वाचून समजून घ्यावं लागत नाही. आजही आपल्या मंडळ्यांत सोयरीक जुळवताना ‘तुम्ही मूळचे कुठले, कोण’ हा प्रश्न निघतोच, आणि त्या प्रश्नामागे काय असतं हे विचारणाऱ्यालाही कळतं आणि ज्याला विचारलं त्यालाही. यावर जातिभेद वाईट असतो असा उपदेश करता येतो, आणि तो खराही आहे. पण पौलाची रीत वेगळी होती. तो माणसाला आधी हे विचारतो की तू देवापुढे कशाच्या जोरावर उभा आहेस? कुळाच्या जोरावर उभा नसशील, तर दुसऱ्याला कुळावरून मोजायचा अधिकार तुला कुठून आला? शुभवर्तमानाची रोज आठवण करायची ती अशासाठी. मनाला बरं वाटावं एवढ्यासाठी नव्हे, तर आपण कोणाच्या शेजारी बसतो, कोणाच्या घरी मुलगी देतो, पगार झाल्यावर पहिला विचार कशाचा करतो, इथपर्यंत ती पोचावी म्हणून. पेत्रानंही हे पुढं ओळखलेलं दिसतं. त्याच्या दुसऱ्या पत्राचा पहिला अध्याय वाचा. ज्याच्यात प्रीती, संयम, धीर वाढत नाहीत, तो माणूस आपल्या पापांची शुद्धी झाली हे विसरला आहे, असं निदान तिथं आहे. तुम्हाला हे ठाऊक असलं तरी जिवात जीव असेपर्यंत मी आठवण करून देत राहीन, असाही निश्चय तिथंच आहे.

मार्टिन ल्यूथरचं उदाहरण तर आणखी सरळ आहे. त्यानं 1529 साली मुलांसाठी आणि साध्या कुटुंबांसाठी लहान प्रश्नोत्तरी लिहिली. पुढच्या वर्षी मोठ्या प्रश्नोत्तरीला नवी प्रस्तावना जोडताना त्यानं लिहिलं की आपण डॉक्टर आहोत, उपदेशक आहोत, तरी रोज सकाळी आणि सवड मिळेल तेव्हा एखाद्या पोरासारखं दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना आणि स्तोत्रं शब्दन् शब्द म्हणतो. ज्या पाळकांना ‘हे एकदा वाचलं, आता कळलं’ असं वाटत होतं त्यांना त्या प्रस्तावनेत त्यानं चांगलंच झोडपलं आहे. नियमशास्त्र माणसाला उपजतच कळतं, शुभवर्तमान बाहेरून ऐकल्याशिवाय कळत नाही, हे तो शिकवत राहिला. त्यात तथ्य आहे. चांगलं केलं तर चांगलं मिळावं हा हिशोब लहान मुलालाही शिकवावा लागत नाही. आपण केलेलं नसताना आपल्याला मिळालं, हे मात्र रोज नव्यानं सांगावं लागतं.

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटिज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर स्वतःच्या साक्षीत त्यांनी स्पष्ट लिहिलं की तोवर आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. सुमारे आठ वर्षांनी तो सापडला, आणि त्यात एका पुस्तकाचा वाटा होता. ते पुस्तक विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचं. हा हॅस्लम 1851 साली कॉर्नवॉलमधल्या आपल्याच चर्चमध्ये उपदेश करत असताना, आपलाच उपदेश ऐकून, पालटला. समोर बसलेल्यांपैकी एकानं ओरडून सांगितलं की आपल्या पाळकाचाच पालट झाला! स्वतःला शुभवर्तमान सांगणं म्हणजे काय याचा याहून नेमका प्रसंग माझ्या तरी वाचनात नाही. इकडे रमाबाईंसारखी संस्कृत पंडिता, जिनं पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं, तिलाही बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं आपल्या पात्रतेचा हिशोब सुटला नाही. तेव्हा आपल्याला तो सुटत नसेल तर लाजण्याचं कारण नाही, पण बसून राहण्याचंही नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

सकाळी फोन हातात घेण्याआधी पाच मिनिटं काढा. पाचच म्हणतो, कारण डबे, पाणी, मुलांची शाळा आणि सातची लोकल यांतून अर्धा तास काढा असं सांगणारे लेख आपण वाचतो आणि बाजूला ठेवतो. एक वही घ्या आणि त्यात चार-पाच वाक्यं स्वतःच्या हातानं, स्वतःला उद्देशून लिहा. देव कोण आहे. मी काय केलं आहे. ख्रिस्तानं काय केलं. म्हणून आज काय. उदाहरणादाखल एखाद्यानं असं लिहावं:

‘हे जिवा, ऐक. तुला निर्माण करणारा देव पवित्र आहे आणि ख्रिस्तामुळे तो तुझा बाप आहे. काल धाकट्या भावाला जमिनीवरून तू जे बोललास ते पाप होतं. त्याला राग म्हणू नकोस, हक्क म्हणू नकोस. त्याच पापासाठी ख्रिस्त यरुशलेमेच्या वेशीबाहेर मेला. तो उठला आहे आणि आत्ता या घटकेला बापाजवळ तुझ्यासाठी मध्यस्थी करतो आहे. तुला आपली बाजू मांडत बसायचं कारण उरलेलं नाही. आज भावाला फोन कर.’

या मजकुरात पाप नाव घेऊन आलं आहे. ‘आम्ही विचारानं, शब्दानं आणि कृतीनं पाप केलं’ अशा आशयाचा पापांगीकार आपण उपासनेत एकत्र म्हणतो. तो हवाच, पण सगळ्यांबरोबर म्हणताना त्यात लपायला भरपूर जागा असते. वहीत ती नसते. क्षमाही इथं भावनेवर टेकलेली नाही, वेशीबाहेर घडलेल्या एका घटनेवर टेकलेली आहे. आज मन कोरडं असलं तरी ती घटना घडलेलीच राहते. तिसरी गोष्ट मध्यस्थीची, आणि आपण हीच सर्वांत जास्त विसरतो. आपल्या लेखी ख्रिस्ताचं काम वधस्तंभावर संपलं, पुनरुत्थानानंतर तो स्वर्गात गेला आणि आता परत येईपर्यंत वाट पाहायची. इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात आणि रोमकरांस पत्राच्या आठव्यात मात्र तो आजही आपल्यासाठी बोलतो आहे. मंगळवारी दुपारी स्वर्गात आपलं नाव काढणारा कोणी आहे, हे ज्याला आठवतं, त्याला दिवसभर आपली वकिली करावी लागत नाही. शेवटच्या वाक्यात एक काम आहे, तेही मुद्दाम. फोन केल्यानं क्षमा मिळणार नाही. क्षमा मिळाली आहे म्हणून फोन करता येतो. हा क्रम उलटला की आपण पुन्हा मंगळवारच्या तपासणीत.

पहिला आठवडा हे लिहिणं कृत्रिम वाटेल. वाटू द्या. स्वतःशी आपण तसेही दिवसभर बोलतच असतो, फक्त तिथं बोलायचं काम मन करतं आणि आपण ऐकतो. मार्टिन लॉइड-जोन्स हे आधी लंडनमधले डॉक्टर, मग प्रचारक. आध्यात्मिक खिन्नतेवरचं त्यांचं पुस्तक 1965 साली निघालं. बेचाळिसाव्या स्तोत्राच्या आधारानं त्यांनी त्यात हेच दाखवलं की आपल्या दुःखाचा बराच भाग स्वतःचं ऐकत बसल्यानं होतो, आणि स्तोत्रकर्ता ऐकणं थांबवून जिवाला प्रश्न विचारतो, दरडावतो, आज्ञा करतो. 103 वं स्तोत्रही असंच आहे. ते देवाला उद्देशून सुरू होत नाही, जिवाला उद्देशून सुरू होतं.

व्हॉट्सॲपवरच्या ‘आजचं वचन’विषयी थोडं स्पष्ट बोलायला हवं. सकाळी सहाला गुलाबाच्या फुलावर छापलेलं एक वचन येतं आणि आपण हात जोडल्याची खूण टाकून ते तीन गटांना पुढं पाठवतो. त्या चित्रांवर बहुधा उन्नती, संरक्षण, दारं उघडणं, शत्रूंचा नाश असंच काही असतं. वचनं शास्त्रातलीच असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण महिनाभर आलेली अशी चित्रं एकत्र पाहा आणि त्यांत पाप किती वेळा आलं, वधस्तंभ किती वेळा आला, ते शोधा. जी आठवण आपल्याला वधस्तंभाजवळ न नेताच आशीर्वादाकडे नेते, ती शुभवर्तमानाची आठवण नव्हे. चित्र पाठवणाऱ्या मावशींना दुखवू नका. मात्र त्यावर आपली भूक भागवू नका.

ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांनी पाठ केलेलंच वापरावं, फक्त सावकाश. प्रेषितांचा विश्वासांगीकार हा काही सेकंदांत म्हणून टाकायचा मजकूर झाला आहे, ही आपलीच करणी. त्यात तारणाऱ्याचं नाव आहे, त्याच्या आईचं आहे, आणि त्यांच्याबरोबर एका रोमी सुभेदाराचंही. पिलात इसवी सन 26 ते 36 या काळात यहूदियाचा अधिकारी होता. त्याचं नाव रोज घ्यायचं ते त्याच्या मोठेपणासाठी नव्हे. आपला विश्वास कुठल्या तरी उदात्त कल्पनेवर नाही, एका ठरावीक प्रांतात, ठरावीक अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत दिलेल्या शिक्षेवर उभा आहे, हे त्या नावानं कळतं. पुढच्या वेळी म्हणाल तेव्हा पिलाताच्या नावावर क्षणभर थांबून पाहा. प्रभूच्या प्रार्थनेचंही तसंच. रोजची भाकर मागितल्यावर लगेच क्षमा मागायला येशूनंच शिकवलं. भाकर रोज लागते तशी क्षमाही रोज लागणार, हे त्यानं गृहीत धरलं होतं.

वेळ सगळ्यांची सारखी नसते. आपल्या समाजात नर्सेस पुष्कळ आहेत, आणि आठवडाभर रात्रपाळी करणाऱ्या बाईला ‘पहाटे उठून शांत वेळ घ्या’ म्हणणं म्हणजे थट्टा आहे. ती तर पहाटे वॉर्डात रिपोर्ट लिहीत असते. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना असं सांगितलं आहे, म्हणजे घड्याळ सांगितलेलं नाही, रोजची कामं सांगितली आहेत. आपल्या दिवसातल्या दोन-तीन न चुकणाऱ्या कामांना ही आठवण जोडून टाका. ड्यूटीचे कपडे चढवताना, गाडीला किक मारताना, रात्री दिवा मालवताना. एकच वाक्य पुरे: ‘ख्रिस्त माझ्यासाठी मेला आणि उठला, म्हणून मी बापाची आहे.’

वसईच्या कॅथलिक घरांतून संध्याकाळी रोझरी होते, तिच्याकडे या दृष्टीनं पाहावं असं मी प्रॉटेस्टंट वाचकांनाही सुचवीन. मरीयेविषयीचे आपले मतभेद आहेत ते राहू द्या. पण जपमाळेची रहस्यं म्हणजे जन्म, दुःखसहन, वधस्तंभ, पुनरुत्थान अशी शुभवर्तमानातल्या प्रसंगांची ओळ बरीचशी आहे, आणि घरातलं शेंबडं पोरही ती क्रमानं सांगतं. आपल्या घरांतल्या कौटुंबिक प्रार्थनेत आपण आजारी नातेवाइकांची यादी वाचतो आणि आमेन म्हणतो. त्या यादीआधी शुभवर्तमानातला एक प्रसंग रोज वाचला आणि कोणी तरी तो आपल्या शब्दांत सांगितला, तर मुलांना दहा वर्षांत किती मिळेल याचा विचार करा.

गाणं हा तर आपला वारसाच आहे. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि अभंगाची, भजनाची भाषा ते बरोबर घेऊन आले. त्यांची कितीतरी पदं ‘उपासना संगीत’मध्ये आहेत. भाकरी थापताना, शेतात, बसच्या खिडकीशी जे तोंडात येतं ते उपदेशापेक्षा जास्त काळ टिकतं, हे टिळकांना पक्कं ठाऊक होतं. ज्या गीतात ख्रिस्तानं काय केलं हे येतं अशी पाचसहा गीतं निवडून पाठ करा. ‘मी तुझी स्तुती करतो, मी नाचतो, मी हात उंचावतो’ एवढंच सांगणारी आधुनिक गाणी आनंदानं गा, पण खिन्नतेच्या रात्री ती हात देत नाहीत. त्या रात्री हात उंचावणारा ‘मी’च कोलमडलेला असतो.

ज्या दिवशी आपण पडलो त्या दिवशी काय? अशा दिवशी आपण दोन दिवस देवापासून लांब राहून आपल्यालाच शिक्षा करून घेतो आणि मग जरा चांगलं वागून परत येतो. ही घरचीच प्रायश्चित्ताची पद्धत झाली, शुभवर्तमान नव्हे. योहानाच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय संपून दुसरा सुरू होतो तो भाग अशा दिवसासाठी खूण करून ठेवा. पाप पदरी घेणाऱ्याला क्षमा आहे, आणि बापाजवळ आपला कैवारी आहे. मनात उठणारा प्रत्येक ठपका पवित्र आत्म्याचा नसतो, हेही शिकून घ्या. आत्मा बोट ठेवतो ते नेमक्या गोष्टीवर, आणि ख्रिस्ताकडे पाठवतो. ‘तू आहेसच असा, तुझं काही खरं नाही’ असं मोघम बोलून जो आपल्याला कोपऱ्यात बसवतो, तो दोष देणारा. जखऱ्याच्या तिसऱ्या अध्यायात मुख्य याजक यहोशवा मळकट वस्त्रांत उभा आहे आणि सैतान त्याच्यावर आरोप करायला बाजूलाच आहे. आरोप खोटा नाही, वस्त्रं खरोखरच मळकट आहेत. तरी यहोशवा एक शब्द बोलत नाही. परमेश्वरच सैतानाला धमकावतो आणि त्याची वस्त्रं बदलवतो. आपल्यावर आरोप झाला की तो खोटा कसा हे शोधू नका. ‘खरं आहे, आणि त्यासाठीच ख्रिस्त मेला’ एवढं म्हणा.

याहून धोक्याचा दिवस चांगला दिवस. प्रार्थना मनासारखी झाली, रुग्णालयात दोघांना भेटून आलो, मंडळीच्या सभेत लोकांनी आपलं नाव घेतलं. अशा दिवशी शुभवर्तमानाची गरजच वाटत नाही. अमेरिकन लेखक जेरी ब्रिजेस यांनी 1994 च्या एका पुस्तकात वाचकांना चांगल्या आणि वाईट दिवसाची कल्पना करायला लावली आणि विचारलं, यांपैकी कोणत्या दिवशी देव तुमचा उपयोग करून घेईल असं तुम्हाला वाटतं? बहुतेकजण चांगला दिवस म्हणतात, आणि आपण कशावर विसंबलो आहोत ते तिथं उघडं पडतं. मंदिरातल्या परूश्याची प्रार्थना आभारानंच सुरू झाली होती. त्याचं बिनसलं ते जकातदाराकडे पाहिलं तेव्हा. म्हणून चांगल्या दिवसाच्या संध्याकाळी वहीत एक जास्तीची ओळ लिहा: आज मी कोणाकडे वरून पाहिलं?

क्षमा रोज आहे तर पाप केलं काय, न केलं काय, असा प्रश्न निघेल. पौलालाही तो लोकांनी विचारला होता, आणि रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय त्याच्या उत्तरासाठीच आहे. मी इथं जक्कयाचं नाव काढून पुढं जातो. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा त्यानं अजून काहीही परत केलं नव्हतं, आणि त्यानंतर त्यानं चौपट परत करायचं कबूल केलं. ज्याची रोजची वही भरते पण दाबलेले पैसे परत जात नाहीत, त्यानं आपण नक्की काय लिहितो ते तपासावं.

काही काळ असा येतो की स्वतःचा आवाज पुरत नाही. जवळचं माणूस गेलेलं असतं, नोकरी सुटलेली असते, किंवा काहीच न घडता सगळं कोरडं झालेलं असतं. जर्मन पाळक दीट्रिख बोनहॉफर यांनी फिंकनवाल्डे इथं तरुण पाळकांचं प्रशिक्षण चालवलं, ते गेस्टापोनं 1937 मध्ये बंद पाडलं. त्या अनुभवावरच्या, 1939 साली निघालेल्या छोट्या पुस्तकात त्यांनी म्हटलं आहे की आपल्या अंतःकरणातला ख्रिस्त भावाच्या तोंडून येणाऱ्या ख्रिस्तापेक्षा दुबळा असतो, म्हणून ख्रिस्ती माणसाला ख्रिस्ती माणूस लागतो. आपल्याकडे आजारी माणसाकडे लोक जातात, नारळपाणी नेतात, कुठल्या डॉक्टरला दाखवलं ते विचारतात, प्रार्थना करून निघतात. त्या प्रार्थनेआधी दोन मिनिटं त्याच्याकडे पाहून शुभवर्तमान सांगा, जसं नव्या माणसाला सांगाल तसं. त्याला ते ठाऊक असेल. तरीही सांगा. आणि आपल्यासाठी असं एक माणूस ठरवून ठेवा, ज्याला रात्री फोन करून ‘मला जरा सांग’ एवढंच म्हणता येईल.

आजाराबद्दल एक गोष्ट मात्र ठामपणे. महिनोन् महिने झोप नाही, भूक नाही, जगू नये असं वाटतं, अशा माणसाला ‘शुभवर्तमान आठव’ एवढंच सांगून परत पाठवणं हा निष्काळजीपणा आहे. लॉइड-जोन्स स्वतः डॉक्टर होते आणि खिन्नतेमागे शरीराचीही कारणं असतात हे त्यांनी पुस्तकात आवर्जून मांडलं. मरण मागणाऱ्या एलीयाला देवानं आधी झोपू दिलं आणि दोनदा जेवू घातलं, बोलणं नंतर केलं. अशा माणसाला डॉक्टरकडे न्या, गोळ्या चालू ठेवायला सांगा, आणि त्याच्या वतीनं शुभवर्तमान आपण आठवत राहा.

सवय जुनी झाली की शब्द झिजतात. पाठांतर होतं, मन दुसरीकडे फिरतं. अशा वेळी शब्द टाकून देऊ नका, प्रसंग बदला. एक महिना मार्काच्या शुभवर्तमानातून फक्त येशूनं कोणाला हात लावला ते पाहा. एक महिना दुःखसहनाचे अध्याय रोज थोडे थोडे वाचा. प्रभुभोजनाच्या रविवारी, आणि अनेक मंडळ्यांत तो महिन्यातून एकदाच येतो, आदल्या रात्री वही उघडून त्या महिन्याची पानं वाचा आणि मग भोजनाला जा. येशूनं आपली आठवण ठेवायला सांगितली तेव्हा हातात भाकर दिली, कारण नुसत्या डोक्यावर त्याचा भरवसा नव्हता. माझं हे वाक्य धर्मशास्त्राच्या परीक्षेत लिहू नका, पण प्रभुभोजनाच्या वेळी त्याचा विचार करायला हरकत नाही.

सगळं एकदम सुरू करू नका. उद्या सकाळी फोन बाजूला ठेवून करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाची पहिली अकरा वचनं मोठ्यानं वाचा, जिथं ‘आपल्या पापांसाठी’ येतं तिथं थांबून कालच्या एका पापाचं नाव घ्या, आणि मग वहीत पहिलं वाक्य लिहा. मंडळीतल्या एका माणसालाही बरोबर घ्या आणि येत्या रविवारी उपासनेनंतर एकमेकांना विचारा, या आठवड्यात स्वतःला काय सांगितलंस?